मीनेचा आवाज : एका रेखाटलेल्या नायिकेची घडण आणि तिचे बोलणे

मराठी समीक्षेने पात्रनिर्मितीचा विचार प्रामुख्याने कादंबरी, कथा आणि नाटक यांच्या संदर्भात केला आहे. कादंबरीतील पात्र शब्दांतून उभे राहते आणि नाटकातील पात्राला नटाचा देह लाभतो. दूरचित्रवाणीवरील ॲनिमेशन मालिकेतील पात्राची स्थिती मात्र या दोहोंहून वेगळी आहे. त्याचे रूप एकाच्या हातून उतरते, त्याच्या हालचाली अनेक अनाम चित्रकारांच्या श्रमांतून सिद्ध होतात आणि त्याचा आवाज ज्याचा चेहरा प्रेक्षकाला कधीही दिसत नाही अशा तिसऱ्याच व्यक्तीच्या कंठातून येतो. रूप आणि आवाज यांची ही फारकत आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित आहे असे नव्हे. पिंगुळीचा चित्रकथी एकामागून एक चित्रे पुढे धरतो आणि त्या सर्व चित्रांना स्वतःचा आवाज देतो. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव प्रेक्षकांशी बोलतो तेव्हा बोलणारा कोण हे सर्वांना ठाऊक असते. परंतु या दोन्ही प्रकारांत आवाजाचा धनी समोर उपस्थित असतो. ॲनिमेशन मालिकेत तो अनुपस्थित असतो आणि या अनुपस्थितीतूनच त्या प्रकाराचा मूलभूत प्रश्न उद्भवतो : रेखाटलेल्या पात्राचा आवाज नेमका कोणाचा?

हा प्रश्न 'मीना' या नायिकेच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. मीना करमणुकीच्या बाजारपेठेतून जन्माला आलेली नाही. ज्या मुलींना घरात आणि गावात बोलू दिले जात नाही त्यांच्या वतीने बोलण्यासाठी तिची निर्मिती करण्यात आली. जिच्या अस्तित्वाचे प्रयोजनच 'बोलणे' हे आहे, अशा पात्राचा आवाज हे केवळ निर्मितितंत्राचे अंग राहत नाही. तोच त्या पात्राचा आशय होतो. म्हणून मीनेची समीक्षा ही तिच्या आवाजाची समीक्षा असणे अपरिहार्य आहे. आणि ही समीक्षा मुंबईच्या ध्वनिमुद्रणकक्षात संपत नाही. ती परभणी जिल्ह्यातील शाळेपर्यंत न्यावी लागते.

सार्क राष्ट्रांनी 1990 हे वर्ष बालिका वर्ष म्हणून आणि 1991 ते 2000 हे दशक बालिका दशक म्हणून पाळले. या पार्श्वभूमीवर युनिसेफच्या बांगलादेशातील कार्यालयाने दक्षिण आशियातील मुलींसाठी एक नायिका निर्माण करण्याचा संकल्प केला. तिच्या रूपरेखनाची आणि दिग्दर्शनाची धुरा मुंबईचे राम मोहन यांच्याकडे आली. राम मोहन (1931-2019) यांनी 1956 मध्ये फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागातून कामास प्रारंभ केला होता. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम' (1969) आणि सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी' (1977) या चित्रपटांतील ॲनिमेशनचे भाग त्यांचेच होत. आरंभीच्या भागांच्या निर्मितीत मनिला येथील हॅना-बार्बेरा समूहाच्या स्टुडिओचा सहभाग होता. पुढे हे काम मुंबईत होऊ लागले. अनेक देशांचे चित्रकार, लेखक आणि संशोधक या निर्मितीत गुंतलेले होते. अशा वेळी 'मीनेचा कर्ता कोण' या प्रश्नाला एकवचनी उत्तर देता येत नाही.

या निर्मितीची पद्धत लक्षणीय होती. बांगलादेश, भारत, नेपाळ आणि पाकिस्तान येथील मुलांपुढे, पालकांपुढे आणि शिक्षकांपुढे चित्रे आणि कथांचे कच्चे आराखडे ठेवण्यात आले आणि त्यांच्या प्रतिसादानुसार चेहरा, वेश व प्रसंग बदलण्यात आले. 'मीना' हे नाव हिंदूंत आणि मुसलमानांत, तसेच या भूप्रदेशातील अनेक भाषांत सहज चालते म्हणून निवडले गेले. तिचा वेश कोणत्याही एका प्रांताचा वा धर्माचा ठरू नये याचीही दक्षता घेण्यात आली. भाऊ राजू, धाकटी राणी, आईवडील, आजी आणि मिठू नावाचा पोपट असे तिचे कुटुंब आहे. ते खेडे कोठले हे कधी सांगितले जात नाही. अर्थात येथे स्थलविशिष्टता हेतुपूर्वक पुसून टाकण्यात आली आहे. वास्तववादी कादंबरीचे पात्र विशिष्टाकडून सामान्याकडे जाते, तर मीना आरंभापासूनच सामान्य आहे. सर्वांची व्हावी म्हणून ती कोणाचीच नाही अशी घडविली गेली.

रेषेच्या बाबतीत हे शक्य होते. झगा आणि वेणी प्रांतनिरपेक्ष रेखाटता येतात. आवाजाच्या बाबतीत मात्र ही तटस्थता साध्य होत नाही, कारण आवाज उच्चारला जाताक्षणीच तो कोणत्या तरी भाषेचा, त्या भाषेतील कोणत्या तरी बोलीचा आणि कोणत्या तरी वर्गाचा असतो. उच्चार, हेल आणि सर्वनामांचा वापर यांतून बोलणाऱ्याचा पत्ता लागतोच. मीनेचे भाग तीसहून अधिक भाषांत रूपांतरित झाले असे सांगितले जाते. म्हणजे एका चेहऱ्याला तीसहून अधिक कंठ मिळाले. चित्र एक आणि आवाज अनेक, ही या पात्राची रचना आहे. आणि या रचनेत जो घटक स्थिर राहतो तो कमी बोलका, तर जो बदलतो तोच अर्थवाही ठरतो.

हिंदीत मीनेला आवाज दिला तो राजश्री नाथ यांनी. नऊ वर्षांच्या मुलीचे बोलणे प्रौढ स्त्रीच्या कंठातून यावे ही ॲनिमेशनच्या व्यवहारातील रूढ गोष्ट आहे. अमेरिकेतील 'द सिम्प्सन्स' या मालिकेतील बार्ट या मुलाचा आवाज नॅन्सी कार्टराइट यांचा आहे, आणि जपानमध्ये डोरेमॉन 1979 पासून 2005 पर्यंत नोबुयो ओयामा यांच्या आवाजात बोलत होता. यामागे व्यावहारिक कारणे आहेत : मुलांचा आवाज वयाबरोबर फुटतो, मालिका मात्र वर्षानुवर्षे चालते, शिवाय दीर्घ ध्वनिमुद्रणाला लागणारी शिस्त लहान मुलाकडून अपेक्षिणे कठीण असते. परंतु मीनेच्या बाबतीत या रूढीला एक वेगळा अर्थ प्राप्त होतो. तिच्या बोलण्यात बालसुलभ उत्सुकता आहे, तशीच प्रौढ स्त्रीची जाणतेपणाची छटाही आहे. आपल्याला बालपणी जे विचारता आले नाही ते एखादी स्त्री आता मुलीच्या तोंडून विचारीत आहे, असा भास तिच्या प्रश्नांतून होतो. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओं यांनी चित्रपटातील आवाजाचा विचार करताना दाखवून दिले आहे की, एकाच वेळी घडणारा ध्वनी आणि दिसणारी हालचाल यांची सांगड प्रेक्षकाचे मन अनैच्छिकपणे घालते. ही सांगड सहज पडते म्हणूनच ती तपासावी लागते. मीनेच्या ओठांवरून आलेले वाक्य मीनेचेच आहे असे प्रेक्षक मानतो. त्या वाक्यामागे संहितालेखक, संस्था आणि विकासाची एक विशिष्ट विचारसरणी उभी असते हे तो विसरतो.

या प्रश्नाची जाण खुद्द मालिकेलाच आहे, हे तिच्या पहिल्या भागावरून दिसते. मोजणीचा आणि कोंबड्यांचा हा भाग सर्वपरिचित आहे. राजू शाळेत जातो, मीनेला जाऊ दिले जात नाही. ती आपल्या पोपटाला शाळेच्या खिडकीशी धाडते. मिठू तेथे ऐकलेले पाढे घोकून परत येतो आणि मीनेला शिकवितो. त्या शिकण्याच्या बळावर ती घरच्या कोंबड्या मोजते, एक कमी भरल्याचे तिच्या ध्यानात येते आणि चोर पकडला जातो. मग वडिलांना शिक्षणाचे मोल पटते.

वरकरणी ही बोधकथा आहे. परंतु आवाजाच्या दृष्टीने तिचे वाचन केल्यास तिच्यात एक सूक्ष्म विचार आढळतो. मराठीत 'पोपटपंची' हा शब्द निंदाव्यंजक आहे. अर्थ न समजता दुसऱ्याचे बोल उच्चारणे, असा त्याचा आशय. मिठू करतो ती शुद्ध पोपटपंचीच होय. तो मास्तरांचा आवाज उचलून आणतो, त्याला गणित कळत नाही. तोच उसना आवाज मीनेच्या कानी पडल्यावर मात्र ज्ञान होतो, कारण ती त्याचा उपयोग आपल्या अंगणातले मोजण्यासाठी करते. आवाज उसना आहे की स्वतःचा, हा निकष येथे गैरलागू ठरतो. त्या आवाजाने काय मोजले गेले, हा निकष उरतो. मीना ही स्वतःच एका मोठ्या संस्थेने उच्चारलेले बोल आहे; ती त्या अर्थाने मिठूच आहे. तिचे बोल ऐकणाऱ्या मुलीने आपल्या घरातील उणे काय हे मोजले, तरच मीनेची निर्मिती पूर्णत्वास जाते. परभणीकडे वळावे लागते ते यासाठीच.

परभणी हा मराठवाड्यातील नऊ तालुक्यांचा जिल्हा. 1948 पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील शालेय व राजकीय व्यवहाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे हिंदी-उर्दूचा कान या भूमीला जुना आहे. शहरांतल्या मोहल्ल्यांत दखनी बोलली जाते, जिंतूरकडील तांड्यांवर बंजारा बोली ऐकू येते, आणि खेड्यापाड्यांतून मराठवाडी मराठी, जिच्यात 'का' या प्रश्नाला 'काहून' म्हणतात. आसाराम लोमटे यांच्या कथांनी या प्रदेशातील माणसांचे बोलणे साहित्याच्या केंद्रस्थानी आणले. त्यांच्या 'आलोक' या संग्रहास 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा बहुभाषिक प्रदेशात दूरचित्रवाणीवरून ऐकू येणारी मीनेची स्वच्छ हिंदी परकी वाटत नाही, पण घरचीही वाटत नाही. ती ऐकून समजते. तशी बोलली जात नाही. समजणे आणि बोलणे यांमधील हे अंतर पडद्यावर भरून निघणे शक्य नव्हते.

ते भरून काढण्याची शक्यता पुढे शाळेत निर्माण झाली. महाराष्ट्रातील उच्च प्राथमिक शाळांत 'मीना मंच' आणि पुढे 'मीना राजू मंच' या नावाने मुलामुलींचे गट उभे राहिले. शिक्षिकेच्या साह्याने गोष्टी वाचणे, त्यांवर बोलणे, नाटुकली बसविणे, शाळेत न येणाऱ्या मुलींच्या घरी जाऊन विचारपूस करणे, असे या मंचाचे काम. समीक्षेच्या परिभाषेत पाहू जाता येथे एक मोठे स्थित्यंतर घडते. पडद्यावरील मीनेचा चेहरा कायम होता आणि आवाज बदलत होता. मंचावर चेहराही बदलतो. सेलू वा पालम तालुक्यातील एखादी मुलगी गणवेशातच उभी राहून मीनेचे काम करते तेव्हा रेखाटलेले शरीर बाजूस सरते आणि त्या जागी एक खरे शरीर येते. लिहून दिलेले वाक्य तिच्या तोंडी येताना तिच्या बोलीचा हेल घेऊनच येते. पात्राला 'आवाज देणे' ही क्रिया येथे ध्वनिमुद्रणाच्या अर्थाने संपते आणि पात्राकडून 'आवाज घेणे' या अर्थाने सुरू होते.

या जिल्ह्याला हे नवे नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे जन्मगाव. बालपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि तेथे दासी म्हणून राबली. तिच्या नावावर असलेले सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेतून आपल्यापर्यंत पोहोचले. त्यांतील नाममुद्राही तिला नामदेवांची दासी म्हणूनच ओळखते. यांतील किती रचना तिच्या आणि किती पुढील काळातील इतरांच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु या मतभेदांनी तिच्या आवाजाचे मोल उणावत नाही. जात्यावर बसलेल्या बायकांनी शतकानुशतके जनीचे नाव घेऊन ओव्या म्हटल्या आणि तिच्या नावात आपले गाऱ्हाणे मिसळले. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या राशीत जनी हे नाव एका व्यक्तीचे जितके, तितकेच एका बोलण्याच्या जागेचे आहे. मीनेचे नाव अशी जागा होऊ शकते काय, असा प्रश्न विचारणे म्हणूनच अप्रस्तुत नाही.

या तुलनेतून मीनेची मर्यादाही स्पष्ट होते. जनाबाईच्या आवाजात आर्जव आहे, तसाच रागही आहे. ती देवाला एकेरीत हाक मारते, त्याच्याकडून दळणकांडण करवून घेते, प्रसंगी त्याला शिव्याशाप देते. मीनेच्या आवाजातून हा राग काळजीपूर्वक वगळला गेला आहे. ती विचारते, सुचविते, करून दाखविते, भांडत नाही. आंब्याच्या वाटणीच्या गोष्टीत भावाला मोठा वाटा मिळतो हे तिला खुपते. पण उत्तर मिळते ते दोघांनी एक दिवस कामांची अदलाबदल केल्यावर आणि राजू थकून भुकेला झाल्यावर. या कथांची रचना ठरावीक आहे : वडीलधाऱ्यांचा गैरसमज, मीनेची चतुराई, प्रत्यय आणि मनपरिवर्तन. अन्यायाचे मूळ अज्ञानात आहे आणि समजूत पटली की तो दूर होतो, हे या रचनेचे गृहीतक आहे. मालिकेत कोणी दुष्ट नाही, आणि ज्याला बदलण्यावाचून गत्यंतर नाही असा कोणी बलवान हितसंबंधही नाही. सर्व देशांत आणि सर्व घरांत प्रवेश मिळवावयाचा तर आवाज सौम्य ठेवणे भाग होते, हा या रचनेमागील हिशेब समजण्यासारखा आहे. तथापि त्याची किंमतही मोजली पाहिजे.

ती किंमत परभणीत मोजता येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 20 ते 24 वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात 21.9 टक्के, तर परभणी जिल्ह्यात 48 टक्के होते. बालविवाहाला विरोध करणारा भाग मीनेच्या मालिकेत आहे. कायदाही 2006 चा आहे आणि त्यापूर्वीचा 1929 चा होता. म्हणजे समजूत सांगणारा आवाज उपलब्ध होता. गंगाखेड-सोनपेठ भागातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाची अडचण मात्र समजुतीच्या पलीकडची आहे. कोयत्याची उचल जोडप्याला मिळते. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायचे तर कोणाच्या भरवशावर आणि फडावर न्यायचे तर कोणत्या खोपटात, हा त्या आईबापांपुढचा पेच असतो. हंगामी वसतिगृहे हा त्यावरचा एक उपाय आहे, आणि तो संवादाने नव्हे तर तरतुदीने उभा राहतो. मीनेच्या वडिलांचे मन वळते तसे या बापाचे मन वळले, तरी त्याची उचल फिटत नाही. मालिकेच्या कथनरचनेत या उचलीला जागा नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात तळागाळातल्या व्यक्तीला बोलता येते काय असा जो प्रश्न उपस्थित केला, त्याचा रोख तिच्या बोलण्याच्या शक्तीपेक्षा ते ऐकून घेणाऱ्या व्यवस्थेवर अधिक होता. मीना बोलते आणि तिच्या गावात ते ऐकले जाते. तिचे सर्वांत मोठे कल्पित हेच आहे.

मग मीना निष्प्रभ ठरते काय? असा निष्कर्ष उतावीळपणाचा होईल. कलाकृतीकडून सामाजिक आकडेवारी बदलण्याची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे. आणि आकडेवारी बदलली नाही म्हणून कलाकृती व्यर्थ मानणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू. मीनेचे मूल्यमापन तिच्या पहिल्या भागाने सुचविलेल्या निकषावरच व्हावयास हवे. मिठूने आणलेल्या पाढ्याने चोर पकडला नव्हता. पाढ्यामुळे एवढेच कळले की अंगणात एक कोंबडी कमी आहे. उणीव दिसणे आणि ती मोठ्याने सांगणे, एवढेच आवाजाचे कार्य. पकडण्यासाठी सारा गाव धावावा लागला.

परभणीच्या एखाद्या शाळेत हजेरी घेताना एक नाव पुकारले जाते आणि उत्तर येत नाही. मंचातील मुली त्या घरी जातात. कधी दाराला कुलूप असते, माणसे कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. कधी दारात मांडवाची तयारी असते. तेथे उभी राहून 'काहून येईना शाळेत?' असे विचारणारी मुलगी मीनेची संहिता म्हणत नसते. त्या संहितेत नसलेला हेल, नसलेला धीटपणा आणि प्रसंगी नसलेला रागही तिच्या बोलण्यात असू शकतो. राम मोहन यांची रेषा आणि राजश्री नाथ यांचा कंठ या दोन्ही गोष्टी तेथे मागे पडलेल्या असतात, पण त्यांच्यावाचून तो प्रश्न त्या दारापर्यंत पोहोचलाही नसता.

ॲनिमेशन मालिकेतील नायिकेची निर्मिती कोठे पूर्ण होते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून केवळ स्टुडिओकडे बोट दाखविणे अपुरे आहे. तिचा आवाज उसना घेणाऱ्या मुलींपाशी तो शोधावा लागतो. त्यांनी त्या आवाजात काय मिळविले आणि काय त्यातून वगळले, याचा अभ्यास मराठीत अद्याप व्हावयाचा आहे. तो करणाऱ्याला चित्रफितींबरोबर हजेरीपटही वाचावे लागतील, आणि जेथे उत्तर आले नाही अशा नावांपाशी थांबावे लागेल.